मणिबेलीचा प्रश्न आणि जगाचे संशोधन

१/ १६ नोव्हेंबर २०००, लंडन. नेल्सन मंडेला यांच्या उपस्थितीत एक अहवाल प्रकाशित झाला. जगभरातील मोठ्या धरणांचा नफातोटा त्यात मांडला होता. या अहवालाकडे नेणारी एक वाट नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली या आदिवासी गावातून जाते. त्या वाटेची आणि संशोधनाला लागलेल्या पैशाची ही गोष्ट. #थ्रेड

२/ मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील, नर्मदाकाठचे गाव. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता; नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित होणार होती. त्यांत मणिबेली धरणाला सर्वांत जवळचे, म्हणून बुडिताचे संकट प्रथम तिथेच आले.

३/ १९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. नर्मदा बचाव आंदोलनाचा दबाव वाढल्यावर १९९१ मध्ये बँकेने स्वतंत्र समीक्षा नेमली. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, उपाध्यक्ष कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर. सोबतीला अभियंता डोनाल्ड गॅम्बल आणि मानवशास्त्रज्ञ ह्यू ब्रॉडी.

४/ खर्च बँकेचा आणि चौकशीही बँकेच्याच प्रकल्पाची. मग निष्कर्ष कोणाचे? मोर्स यांनी काम स्वीकारताना बँकेची कागदपत्रे पाहण्याची मुभा आणि अहवाल स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळवला. पुढचे सारे या अटींमुळे शक्य झाले.

५/ अनेक विद्याशाखा एकत्र का हव्यात, हे या खोऱ्यात दिसते. इथली पुष्कळ कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होती, पण सरकारी दप्तरात ती वनजमीन होती. म्हणून कसणारे ठरले ‘अतिक्रमणदार’, आणि खातेदारांना मिळणारे पुनर्वसनाचे हक्क त्यांना नाकारले जात होते. पाण्याची पातळी अभियंता मोजेल. पण कागदावर नसलेला शेतकरी शोधायला गावात जाऊन बसावे लागते.

६/ जून १९९२ चा अहवाल स्पष्ट होता: आहे त्या परिस्थितीत योग्य पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणीय परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही, बँकेने मागे सरावे. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले. धरणाचे काम मात्र चालूच राहिले.

७/ १९९४ मध्ये ४४ देशांतील ३२६ संस्था-संघटनांनी ‘मणिबेली जाहीरनामा’ काढला. बँकेच्या पैशातून झालेल्या सर्व मोठ्या धरणांची स्वतंत्र तपासणी व्हावी, ही त्यातील एक मागणी. एका गावाचा प्रश्न आता जगाचा झाला होता.

८/ १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्लांड येथे धरणांचे समर्थक आणि विरोधक एकत्र बसले. त्यातून १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग जन्मला. अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेचे मंत्री कादर अस्मल. सदस्यांत एकीकडे मेधा पाटकर, तर दुसरीकडे धरणांना यंत्रसामग्री पुरवणाऱ्या एबीबी कंपनीचे प्रमुख योरान लिंडाल.

९/ निधीही असाच सर्व बाजूंचा. सरकारे, जागतिक बँक, कंपन्या, स्वयंसेवी संस्था अशा ५० हून अधिक ठिकाणांहून पैसा आला. एकट्या देणगीदाराला निष्कर्ष वाकवता येऊ नये, यासाठी ही रचना मोलाची होती.

१०/ या पैशातून १२५ धरणांची पाहणी झाली आणि १७ विषयांचे आढावे लिहिले गेले. मोठ्या धरणांमुळे जगात ४ ते ८ कोटी लोक विस्थापित झाले असावेत, असा आयोगाचा अंदाज होता. १९९८ मध्ये भारताने आयोगाला इथे सुनावणी घेऊ दिली नाही. दक्षिण आशियाची सुनावणी कोलंबोला झाली.

११/ आता तारखा पाहा. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने सरदार सरोवराच्या बांधकामाला परवानगी दिली. त्यानंतर महिनाभरातच लंडनचा अहवाल आला. भारत सरकारने तो फेटाळला. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले.

१२/ मग संशोधन वाया गेले का? मणिबेलीपुरते उत्तर कटू आहे: ज्ञान आले, पण निर्णय त्याच्यासाठी थांबला नाही. मात्र विस्थापितांची मोजदाद हा धरणाच्या हिशेबाचाच भाग आहे, हे आयोगाने जगासमोर ठेवले.

१३/ आज विद्यापीठे शाश्वततेवरील आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी बीजनिधी जाहीर करतात. असा निधी दिसला की रकमेआधी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रश्न कोणी ठरवला? अहवाल छापण्याचा हक्क कोणाकडे? आणि ज्यांची जमीन जाणार, ते त्यात केवळ आकडा आहेत की साक्षीदार?