हिपॅटायटिस सी : रिपोर्ट निगेटिव्ह, तरी आजार लपलेला असू शकतो का?

‘अँटी-एचसीव्ही : निगेटिव्ह’ असा रिपोर्ट आला की बहुतेकांच्या बाबतीत काळजीचे कारण नसते. पण काही रुग्णांचे एसजीपीटी महिनोन्‌महिने वाढलेलेच राहते. मग घरचे विचारतात, ‘डॉक्टर, आजार लपून बसला असेल का?’

शहाड-उल्हासनगर परिसरात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. येथे सिंधी समाजाची मोठी वस्ती आहे आणि या समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण जास्त आढळते. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांना साधारण दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. हिपॅटायटिस सी मुख्यतः रक्तातूनच पसरतो.

नेहमीची चाचणी काय पाहते?

अँटी-एचसीव्ही चाचणी विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, ती शोधते. प्रत्यक्ष विषाणू पाहण्यासाठी एचसीव्ही आरएनए ही पीसीआर चाचणी करावी लागते. याच फरकामुळे रिपोर्ट कधी कधी फसवा ठरतो.

रिपोर्ट निगेटिव्ह, तरी संसर्ग : केव्हा?

१. *संसर्ग नवा असल्यास.* अँटीबॉडीज दिसायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात, क्वचित त्याहून जास्त. विषाणू मात्र पीसीआरमध्ये बहुधा १ ते २ आठवड्यांत दिसू लागतो. मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात.

२. *प्रतिकारशक्ती कमी असल्यास.* डायलिसिस, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण किंवा केमोथेरपी यांमुळे शरीर पुरेशा अँटीबॉडीज तयार करू शकत नाही.

या दोन्ही स्थितींत आरएनए चाचणीने बहुतेक वेळा उत्तर मिळते. डायलिसिसच्या रुग्णांनी या चाचणीचे रक्त डायलिसिस सुरू होण्यापूर्वी द्यावे, कारण डायलिसिसनंतर रक्तातील विषाणूचे प्रमाण तात्पुरते घटू शकते.

दोन्ही चाचण्या निगेटिव्ह असतील तर?

२००४ साली स्पेनमधील संशोधकांनी ‘ऑकल्ट’ म्हणजे छुप्या हिपॅटायटिस सीचे वर्णन केले. यकृताच्या तक्रारीचे कारण न सापडलेल्या १०० रुग्णांचे अँटीबॉडी आणि आरएनए दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह होते. तरीही त्यांपैकी ५७ जणांच्या यकृताच्या तुकड्यात विषाणूचा आरएनए सापडला. पुढे काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशींतही तो आढळल्याचे अभ्यास आले.

मात्र वेगवेगळ्या ठिकाणचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. अशा संसर्गामुळे यकृताचे किती नुकसान होते, यावरही तज्ज्ञांत एकमत नाही. पांढऱ्या पेशींवरील ही चाचणी मुख्यतः संशोधनापुरती आहे. केवळ तेवढ्यासाठी बायोप्सी करण्याचा किंवा महागडी औषधे सुरू करण्याचा आग्रह धरू नका.

मग एसजीपीटी का वाढते?

फॅटी लिव्हर, दारू, हिपॅटायटिस बी, काही ॲलोपॅथिक किंवा आयुर्वेदिक औषधे, ऑटोइम्यून आजार, विल्सन आजार ही कारणे आधी तपासावी लागतात. थॅलेसेमियाच्या मुलांत आणखी एक मोठे कारण असते : वारंवार रक्त दिल्याने यकृतात साठणारे लोह. लोह कमी करणाऱ्या डेफेरासिरॉक्स या औषधानेही एसजीपीटी वाढू शकते. म्हणून फेरिटिन आणि गरजेनुसार यकृताचा एमआरआय महत्त्वाचा. मात्र हे औषध स्वतःहून बंद करू नका.

रक्त तपासूनच देतात ना?

होय. भारतातील रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी २००१ पासून सक्तीची आहे. त्यामुळे धोका खूप कमी झाला, पण विंडो पिरियडमुळे तो शून्य होत नाही. ‘नॅट’ चाचणी विषाणूच शोधते, त्यामुळे हा काळ खूप कमी होतो. पण ती सर्वच रक्तपेढ्यांत होत नाही. नियमित रक्त लागणाऱ्या रुग्णाच्या पालकांनी त्याबद्दल जरूर विचारावे. मात्र नॅट नाही म्हणून ठरलेले रक्त देणे टाळू नका.

तुम्ही काय करावे?

- रक्त घेणे, डायलिसिस, एकाच सुईचा अनेकांसाठी वापर किंवा टॅटू असा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांना तारखेसह सांगा.
- एसजीपीटी सतत वाढलेले असेल, तर ‘आरएनए चाचणी करावी का?’ असे स्पष्ट विचारा.
- नव्या संसर्गाची शंका असेल, तर एका निगेटिव्ह रिपोर्टवर थांबू नका. पुन्हा चाचणी केव्हा करायची ते विचारून घ्या.
- सगळे जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा.
- रेझर, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश कुणाशी वाटून वापरू नका. एकत्र जेवल्याने किंवा मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही.

संसर्ग सापडलाच तर?

घाबरू नका. बहुतेक रुग्णांना १२ आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व उपचार मोफत आहेत. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करा. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासतात. बरे झाल्यानंतरही अँटीबॉडी रिपोर्ट वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहतो. त्याचा अर्थ आजार परतला असा नाही.

डोळे पिवळे होणे, पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा भ्रमिष्टपणा दिसल्यास रिपोर्टची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.