‘तां’ म्हणणारा माणूस आणि न चिरलेला मेंदू

जैविक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत संशोधनपद्धतींची यादी असते: प्राण्यांवरील प्रयोग, मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास, शवविच्छेदन, प्रतिमांकन. ती वाचताना वाटते, संशोधकाने फडताळातून हवे ते हत्यार उचलावे इतके हे सोपे असावे. प्रत्यक्षात अशी मुभा क्वचितच मिळते. भाषा मेंदूत कोठे वसते, हा प्रश्न १८६१ साली पॅरिसमध्ये ज्या रीतीने हाताळला गेला, त्यावरून हे लक्षात येते.

कवटीचे उंचवटे चाचपून माणसाचे गुण सांगणाऱ्या गॉलच्या विद्येची तोवर पुरेशी नाचक्की झाली होती. फ्लुरांसने कबुतरे, ससे यांच्या मेंदूचे भाग काढून पाहिले आणि विचारशक्ती मेंदूच्या पृष्ठभागावर वाटून दिलेली नाही, असा निष्कर्ष काढला. पद्धत काटेकोर होती. पण कबुतराला वाणी नसते. उरला माणूस, आणि प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणून त्याच्या मेंदूला इजा करता येत नाही. ओबुर्तँ या वैद्याने मात्र एक रुग्ण सांगितला. स्वतःवर गोळी झाडल्याने त्याच्या कपाळाचे हाड उडाले होते. उघड्या पडलेल्या अग्रखंडावर चपटी पट्टी दाबली की बोलता बोलता शब्द अर्धवट तुटे, आणि दाब काढताच वाणी परत येई. तो मरणाच्या दारात होता, हे आठवले की या प्रयोगाचे कौतुक करवत नाही.

त्याच वर्षी ११ एप्रिलला बिसेत्र रुग्णालयात शल्यविशारद पॉल ब्रोकाकडे ५१ वर्षांचा लबोर्न आला. त्याचा उजवा पाय सडत चालला होता. रुग्णालयात त्याची २१ वर्षे गेली होती आणि इतका काळ तो बहुधा एकच अक्षर दोनदा उच्चारीत असे: ‘तां, तां’. ब्रोकाने त्याला विचारले, येथे किती वर्षे झाली? लबोर्नने हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारताच, आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून तो संतापला आणि त्याच्या तोंडून शिवी बाहेर पडली. कोणत्याही उपकरणाविना झालेल्या या तपासणीतून बुद्धी शाबूत आहे आणि गेली आहे ती वाणीच, हे सिद्ध झाले. मला ही तपासणी पुढच्या शवविच्छेदनाइतकीच मोलाची वाटते. तिच्यावाचून मेंदूतल्या खड्ड्याला अर्थ उरला नसता.

लबोर्न १७ एप्रिलला वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू पॅरिसच्या मानववंशशास्त्र परिषदेपुढे ठेवला. डाव्या अग्रखंडाच्या तिसऱ्या वळीच्या मागील भागात सर्वांत जुनी इजा दिसत होती. येथे ब्रोकाने वाचकाचेच काम केले. आधी वाणी गेली, सुमारे दहा वर्षांनी उजवा हात दुबळा झाला, मग पाय. आजाराचा हा क्रम त्याने इजेच्या पसरण्याशी ताडून पाहिला आणि कथानक शेवटाकडून आरंभाकडे वाचले. एका रुग्णावरून नियम मांडण्याची घाई त्याने केली नाही. आपण डाव्या गोलार्धाने बोलतो, हे त्याने निःसंदिग्धपणे मांडले ते १८६५ साली, आणखी बरेच रुग्ण जमल्यावर.

एक गोष्ट त्याने मुद्दाम केली नाही. मेंदू चिरून आत पाहण्याचे त्याने टाळले, कारण तो संग्रहालयात अखंड ठेवायचा होता. त्या वेळी ही उणीवच होती. इजा आत किती खोल गेली, हे सांगता येईना. पण त्यामुळेच २००७ साली नीना ड्रोंकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मेंदूची एमआरआय प्रतिमा घेतली. इजा पृष्ठभागापुरती नव्हती, ती दूरचे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत खोल पोहोचलेली होती. शिवाय ब्रोकाने दाखवलेली जागा आणि आज ‘ब्रोकाचे क्षेत्र’ म्हणून शिकवली जाणारी जागा तंतोतंत एक नाहीत.

रुग्णाला मात्र पुस्तके ‘तां’च म्हणत राहिली. २०१३ साली चेझारी डोमान्स्की या पोलिश अभ्यासकाने दप्तरे धुंडाळून त्याचे पूर्ण नाव, लुई व्हिक्तोर लबोर्न, आणि मोरे हे त्याचे जन्मगाव प्रसिद्ध केले. त्या गावी कातडी कमावण्यासाठी झाडाची साल दळणाऱ्या चक्क्या होत्या, आणि त्या भुकटीला फ्रेंचमध्ये ‘तां’ म्हणतात. उरलेले अक्षर बालपणीच्या त्या चक्कीचे असावे, असे डोमान्स्कींनी सुचवले आहे, अर्थात तर्क म्हणूनच.