‘ड्रेसिंग’ : जखमेवरचं आणि काकडीवरचं

नागपुरात मेयो किंवा मेडिकलमध्ये ‘ड्रेसिंग’ म्हटलं की जखमेवरची पट्टी. हाच शब्द बर्डीवरच्या हॉटेलांत मेन्यूकार्डावर सॅलडच्या पुढे दिसतो. दोन्हींचा संबंध काय?

संबंध जुना आहे. लॅटिनमध्ये ‘डिरेक्टुस’ म्हणजे सरळ, नीट केलेलं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘नीट मांडणं, तयार करणं’ अशा अर्थाचं क्रियापद झालं आणि तेच इंग्रजीत ‘ड्रेस’ म्हणून आलं. अंगावर कपडे चढवणं, पदार्थ वाढण्याजोगा करणं, जखम साफ करून बांधणं, ही सगळी एका अर्थी तयारीच.

‘सॅलड’चं मूळ लॅटिन ‘साल’, म्हणजे मीठ. सॅलड म्हणजे मीठ लावलेलं. ‘व्हिनेग्रेट’ या ड्रेसिंगच्या नावात व्हिनेगर आहे आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘आंबट वाइन’. आपला ‘सिरका’ हा शब्द फारसीतून आला.

पूर्वी स्वयंपाकातलं हेच सामान जखमेवरही वापरत. ग्रीक वैद्य वाइन आणि व्हिनेगरने जखम धूत. सुश्रुतसंहितेत जखमेसाठी मध, तूप आणि वाटलेले तीळ सांगितले आहेत, शिवाय पट्टी बांधण्याचे १४ प्रकार.

मराठीत सॅलड ड्रेसिंगला एकच असा शब्द नाही. कोशिंबिरीत ते काम लिंबू, दही, दाण्याचं कूट आणि फोडणी मिळून करतात. ‘फोडणी’ हा शब्द फोडण्यावरून आला. तेलात मोहरी फुटते ना, तीच. या थोड्या तेलाचा उपयोगही आहे. गाजर, टोमॅटो, पालेभाज्यांतलं कॅरोटिन स्निग्ध पदार्थासोबत शरीरात चांगलं शोषलं जातं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाज्यांतलं लोह जास्त मिळतं.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा.

१. बाटलीतलं ड्रेसिंग घेताना लेबलवर सोडियम आणि साखर पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एका चमच्याच्या आत मीठ खावं. रक्तदाब असेल तर कोशिंबिरीत मीठ कमी आणि लिंबू जास्त घाला.

२. घरातलं तेल, हळद, सिरका उघड्या जखमेवर लावू नका. साधी जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा आणि स्वच्छ कापडाने झाका. मधुमेह असेल आणि पायाला जखम झाली असेल, तर दुखत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.