गार्लंड फंड : नाकारलेल्या वारशातून उभा राहिलेला लढा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात सरकारी शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. या निकालाची हकिकत सांगताना थरगुड मार्शल या वकिलाचे नाव हटकून घेतले जाते. जाणकार असतील तर त्यांचे गुरू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांचाही उल्लेख करतात. परंतु या न्यायालयीन लढ्याचा पहिला सविस्तर आराखडा कोणाच्या पैशाने तयार झाला, हे सहसा कोणी विचारत नाही. तो पैसा होता चार्ल्स गार्लंड नावाच्या एका तरुणाचा. आणि मुळात त्याला तो नकोच होता.

चार्ल्स गार्लंड यांचा जन्म १८९९ चा. घराणे न्यूयॉर्कच्या बँकिंग वर्तुळातले. आजोबा ‘फर्स्ट नॅशनल बँके’चे उपाध्यक्ष होते. हार्वर्डमधील शिक्षण चार्ल्स यांनी अर्धवट सोडले. १९२० मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी वडिलांच्या मालमत्तेतील सुमारे दहा लाख डॉलरचा वाटा त्यांच्या नावे होण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तो घेण्यास नकार दिला. आपण हा पैसा मिळवलेला नाही, आणि काही जणांना गडगंज व बाकीच्यांना काहीच नाही अशी व्यवस्था आपल्याला मान्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. मॅसॅच्युसेट्समधील एका खेड्यात शेती करून राहणाऱ्या या तरुणाची बातमी अमेरिकी वृत्तपत्रांनी चवीने छापली. कोणी त्यांना संत ठरवले, कोणी माथेफिरू.

‘द जंगल’ या कादंबरीमुळे गाजलेले लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी मात्र या नकारातील एक अडचण हेरली. वारसाने नाकारला म्हणून पैसा नाहीसा होत नाही. तो त्याच बँकेत, त्याच व्यवस्थेच्या दिमतीला राहतो. त्यापेक्षा तो स्वीकारून अन्यायाविरुद्ध लढणाऱ्यांच्या हाती का देऊ नये? ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’चे प्रमुख रॉजर बाल्डविन यांनी हाच मुद्दा लावून धरला. बाल्डविन स्वतः पहिल्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केल्याबद्दल तुरुंगात जाऊन आले होते. अखेर गार्लंड राजी झाले आणि १९२२ मध्ये ‘अमेरिकन फंड फॉर पब्लिक सर्व्हिस’ या संस्थेची स्थापना झाली. हे अधिकृत नाव फारसे कोणाच्या तोंडी बसले नाही. इतिहासात ती ‘गार्लंड फंड’ म्हणूनच ओळखली जाते.

वाटता वाटता वाढणारा पैसा

त्या काळी अमेरिकेत कार्नेगी आणि रॉकफेलर यांच्या नावाच्या बलाढ्य परोपकारी संस्था उभ्या राहिल्या होत्या. मुद्दल राखावे, व्याजातून दान करावे, आणि दान करताना प्रस्थापित व्यवस्थेला धक्का लागणार नाही हे पाहावे, अशी त्यांची साधारण रीत होती. गार्लंड फंडाने नेमके उलटे धोरण ठरवले. मुद्दल राखायचे नाही, शक्य तितक्या लवकर ते संपवून टाकायचे. आणि ज्या कामांना इतर कोणी प्रतिष्ठित देणगीदार हात लावणार नाही अशाच कामांना मदत करायची. संचालक मंडळही तसेच होते. समाजवादी नेते नॉर्मन टॉमस, कम्युनिस्ट विल्यम फॉस्टर, कामगार चळवळीतील झुंजार वक्त्या एलिझाबेथ गर्ली फ्लिन आणि कृष्णवर्णीयांच्या चळवळीतले कवी व मुत्सद्दी जेम्स वेल्डन जॉन्सन ही मंडळी एका टेबलाभोवती बसत, आणि अर्थातच भांडत. कम्युनिस्ट आणि इतर यांच्यातील वाद फंडाच्या अखेरपर्यंत मिटले नाहीत.

गंमत अशी की फंडाची मालमत्ता मुख्यतः बँकेच्या शेअर्समध्ये होती आणि १९२० च्या दशकात न्यूयॉर्कचा शेअरबाजार तेजीच्या घोड्यावर स्वार होता. त्यामुळे भांडवलशाहीविरुद्ध लढणाऱ्यांना जितके वाटावे तितके भांडवल वाढत जाई. सुरुवातीच्या आठ-नऊ लाख डॉलरमधून फंडाने आपल्या आयुष्यात सुमारे वीस लाख डॉलर वाटले, ही किमया बाजाराची.

हा पैसा गेला तरी कुठे? कामगार कार्यकर्ते घडवणाऱ्या ‘ब्रुकवूड लेबर कॉलेज’ला गेला. १९२६ मध्ये पॅसेइक येथील कापडगिरणी कामगारांच्या संपाला गेला. स्वस्त पुस्तके काढणारी ‘व्हॅनगार्ड प्रेस’ ही प्रकाशनसंस्था त्याच वर्षी या पैशातून निघाली. रेल्वेच्या शयनयान डब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय हमालांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये बांधायला घेतली, तिलाही फंडाचा आधार मिळाला. काही नियतकालिके या पैशावर चालली आणि काही बुडाली. बरेचसे दान असे वाऱ्यावर गेले हे मान्यच केले पाहिजे.

मार्गोल्ड अहवाल

फंडाचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः ‘नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ अर्थात ‘एनएएसीपी’ या संघटनेशी असलेल्या संबंधामुळे. १९०९ मध्ये स्थापन झालेली ही संघटना वर्षाला एक डॉलर वर्गणी देणाऱ्या सामान्य सभासदांवर चालत असे. तिच्यापुढचा पहिला प्रश्न शाळांचा नव्हता, जिवाचा होता. ‘लिंचिंग’, म्हणजे जमावाने कायदा हातात घेऊन भर चौकात केलेली हत्या, ही दक्षिणेकडील राज्यांत नित्याची गोष्ट होती. संघटनेचे सचिव असलेल्या जॉन्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून लिंचिंगविरोधी ‘डायर विधेयक’ जानेवारी १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत करून घेतले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिणेच्या सदस्यांनी सिनेटमध्ये वेळकाढूपणा करून ते मारले.

फंडाची सुरुवातीची मदत याच लिंचिंगविरोधी कामाला होती. १९२५ मध्ये डेट्रॉइट शहरात डॉ. ओशन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. जमाव चालून आला, घरातून गोळ्या झाडल्या गेल्या, एक गोरा माणूस ठार झाला आणि घरातील अकरा जणांवर खुनाचा खटला भरला गेला. एनएएसीपीने प्रख्यात वकील क्लॅरन्स डॅरो यांना उभे केले. त्या वेळी गार्लंड फंडाने मदत देऊ केली, पण संघटनेने जनतेतूनही निधी उभारला पाहिजे या अटीवर. संघटनेने ती अट पुरी केली आणि त्यातून तिचा बचाव निधी उभा राहिला. पहिल्या खटल्यात ज्युरींचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात, मे १९२६ मध्ये, डॉक्टरांचे बंधू हेन्री स्वीट निर्दोष सुटले.

मोठा प्रस्ताव आला तो दशकाच्या शेवटी. जॉन्सन, पत्रकार लुईस गॅनेट आणि वकील मॉरिस अर्न्स्ट या संचालकांच्या समितीने सुचवले की, दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी एकेकटा खटला लढण्याऐवजी न्यायालयीन लढ्याची सलग मोहीम आखावी, आणि तिचा मुख्य रोख शाळांवर असावा. १८९६ च्या ‘प्लेसी’ निकालाने ‘वेगळे पण समान’ हे सूत्र कायदेशीर केले होते. त्यातील ‘वेगळे’ काटेकोरपणे पाळले जाई, ‘समान’ मात्र कागदावरच होते. दक्षिण कॅरोलायनासारख्या राज्यात गोऱ्या मुलामागे होणारा खर्च कृष्णवर्णीय मुलाच्या अनेक पटींनी जास्त होता. फंडाच्याच मदतीने ‘द क्रायसिस’ या मासिकाने १९२६ पासून दक्षिणेतील शाळांची पाहणी छापली होती, तीमुळे ही विषमता आकड्यांनिशी समोर आली होती. समितीचा हिशेब असा की, खटल्यांमागून खटले भरून ‘समान’ या शब्दाची अंमलबजावणी करायला लावली, तर दोन-दोन शाळा चालवणे राज्यांना परवडणार नाही.

१९३० मध्ये फंडाने यासाठी एक लाख डॉलर मंजूर केले. हार्वर्डमध्ये शिकलेले तरुण वकील नेथन मार्गोल्ड यांची नेमणूक झाली आणि १९३१ मध्ये त्यांनी दोनशेहून अधिक पानांचा अहवाल सादर केला. जिल्ह्याजिल्ह्यांत खटले भरत बसण्याची कल्पना त्यांनी बाजूला ठेवली. वेगळेपणाबरोबर विषमता जेथे पद्धतशीरपणे नांदते तेथे तो वेगळेपणाच घटनाबाह्य ठरतो, असा थेट हल्ला करावा, ही त्यांची मांडणी.

दरम्यान १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअरबाजार कोसळला होता. ज्या तेजीने फंड फुगवला होता त्याच बाजाराच्या मंदीने तो आटवला. मंजूर लाखातील सुमारे वीस हजार डॉलरच प्रत्यक्षात संघटनेच्या हाती पडले. मार्गोल्ड सरकारी नोकरीत गेले. त्यांचा अहवाल पुढे आला तो हॉवर्ड विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक ह्यूस्टन यांच्या हाती. एवढ्या तुटपुंज्या पैशात थेट हल्ला शक्य नाही हे ओळखून त्यांनी मोर्चा वळवला विद्यापीठांकडे. कृष्णवर्णीयांसाठी कायद्याचे वेगळे महाविद्यालयच नसेल तर ‘वेगळे पण समान’ म्हणणार तरी कसे? १९३६ मध्ये मेरिलँडच्या न्यायालयाने डोनाल्ड मरे या विद्यार्थ्याला विधी महाविद्यालयात प्रवेश देण्याचा आदेश कायम केला. त्या खटल्यात ह्यूस्टन यांच्यासोबत मार्शल उभे होते. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘गेन्स’ खटल्यात तीच दिशा घेतली. १९४० मध्ये संघटनेचा स्वतंत्र ‘लीगल डिफेन्स फंड’ स्थापन झाला आणि चौदा वर्षांनी ‘ब्राऊन’चा निकाल लागला. तो पाहायला ह्यूस्टन मात्र नव्हते. १९५० मध्येच त्यांचे निधन झाले होते.

ज्याचा पैसा, त्याची दिशा?

येथपर्यंतची कथा सुफळ संपूर्ण वाटते. तिला दुसरी बाजू आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासक मेगन मिंग फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असा आक्षेप घेतला की, एनएएसीपीचा अग्रक्रम जमावाच्या हिंसेकडून शिक्षणाकडे वळला तो या पैशाच्या प्रभावाखाली. संघटना नेत्यांना लिंचिंग थांबवणे सर्वांत निकडीचे वाटत असताना देणगीदारांना वेगळे विषय महत्त्वाचे वाटत होते. आणि गरजू संघटनेने हळूहळू देणगीदारांची भाषा स्वीकारली. फ्रान्सिस यांनी याला चळवळ ‘काबीज’ होणे म्हटले आहे. लिंचिंग हा संघराज्याच्या कायद्यानुसार गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये झाला, म्हणजे डायर विधेयक मारले गेल्यावर शंभर वर्षांनी, हे लक्षात घेतले की या आक्षेपाची धार जाणवते.

प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप निम्मा पटतो. जॉन्सन हे काही दारात झोळी घेऊन उभे राहिलेले याचक नव्हते. ते संघटनेचे सचिव होते आणि फंडाचे संचालकही. शाळांविषयीच्या प्रस्तावावर त्यांचीच सही होती. येल विद्यापीठातील इतिहासकार जॉन फेबियन विट यांनी २०२५ मध्ये या फंडाचा सविस्तर इतिहास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आहे. तो वाचणाऱ्याला फंडातील ही ओढाताण तपशिलाने कळेल. तरीही एक गोष्ट खोडून काढता येत नाही. एकेक डॉलर देणाऱ्या हजारो सभासदांना जे मत नव्हते ते मत टेबलाभोवतीच्या मोजक्या संचालकांना होते.

मराठी वाचकाला ही कोंडी परकी वाटू नये. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शिष्यवृत्तीला बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची अट होती, आणि १९१७ मध्ये बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना तेव्हा ती अट पाळणे अशक्य झाले. उलट १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू होताना राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, पण लेखणी बाबासाहेबांचीच राहिली. ‘द क्रायसिस’चे संस्थापक-संपादक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या.

अमेरिकेत हा प्रश्न पुढेही वारंवार उद्भवला. १९६८ मध्ये फोर्ड फाऊंडेशनने मेक्सिकन वंशाच्या नागरिकांसाठी लीगल डिफेन्स फंडाच्या धर्तीवर ‘मालडेफ’ ही संस्था उभारण्यासाठी २२ लाख डॉलर दिले. दोनच वर्षांत, टेक्सासमधील आक्रमक युवक गटांशी तिची जवळीक नको म्हणून, फाऊंडेशनच्या दबावाखाली मुख्यालय सॅन अँटोनियोहून सॅन फ्रान्सिस्कोला हलवले गेले. क्लीव्हलँड शहरात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणाऱ्या संघटनेला फोर्डने १९६७ मध्ये पैसे दिले आणि त्याच वर्षी कार्ल स्टोक्स हे कृष्णवर्णीय उमेदवार महापौर झाले, तेव्हा राजकीय वर्तुळात खळबळ उडाली. १९६९ च्या करसुधारणा कायद्याने अशा देणग्यांवर जाचक अटी घातल्या. म्हणजे देणगीदाराची पकड एका बाजूला आणि सरकारची देणगीदारावरची पकड दुसऱ्या बाजूला.

गार्लंड फंड १९४१ मध्ये ठरल्याप्रमाणे पैसे संपवून बंद झाला. चार्ल्स गार्लंड यांनी फंडाच्या कारभारात फारसे लक्ष घातले नाही. ते शेतीत आणि सामूहिक वसाहतीच्या प्रयोगांत रमले आणि १९७४ मध्ये निधन पावले. कोणाला किती दिले, कोणाला का नाकारले, कोणाचे कर्ज बुडाले याची फंडाची कागदपत्रे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जतन करून ठेवलेली आहेत.