वॉकी-टॉकी घेण्याआधी: लग्नाचा मांडव, १९३३ चा कायदा आणि किल्लारीची रात्र

आजचा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हे शब्दांकन. बोलताना जे बोललो तेच इथं आहे, फक्त 'अं... म्हणजे...' तेवढं काढून टाकलंय.

विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. आमच्या बेंबळीतल्या पोरांची फोटोग्राफीची टीम आहे. दोघं फोटोवर, दोघं व्हिडिओवर आणि एक ड्रोनवाला. लग्नसराईत धाराशिव, तुळजापूर, लातूर असं फिरणं चालू असतं. त्यांचा प्रश्न साधा आहे: "दादा, ऑनलाईन वॉकी-टॉकीची जोडी दोन-अडीच हजारात मिळतीय. घेऊ का?"

अडचण खरी आहे. डीजे चालू असतो, वरात दारात असते, ड्रोनवाला कार्यालयाच्या मागच्या शेतात उभा असतो. 'नवरी निघाली' असा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला तर तो वाचेपर्यंत नवरी आंतरपाटापाशी पोहोचलेली असते. फोन लावावा तर समोरच्याच्या दोन्ही हातांत कॅमेरा. आणि अक्षता काही दुसऱ्यांदा पडत नाहीत. तो फोटो हुकला की हुकला.

म्हणून वॉकी-टॉकी. पण 'कुठली घेऊ' याचं उत्तर द्यायला मला जवळपास शंभर वर्षं मागं जावं लागलं. कारण या डबीवरचं प्रत्येक बटण आणि तिच्यामागचा प्रत्येक नियम कुठल्यातरी जुन्या अडचणीतून आलाय.

ऐकू येतं, पण बोलता येत नाही

१९२८ साली अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराच्या पोलिसांनी गाड्यांमध्ये रेडिओ बसवले. मोठी गोष्ट होती. पण ते रेडिओ एकतर्फी होते. मुख्यालय बोलणार, गाडीतल्यानं ऐकायचं. उत्तर द्यायचं असेल तर गाडी थांबवून फोन शोधायचा. आपल्या टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अवस्था अगदी हीच आहे! निरोप गेला, पण पोहोचला का, ते कळत नाही.

१९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन गावच्या पोलिसांकडे दुतर्फी रेडिओ आले. गाडीतला माणूस आता उलट बोलू शकत होता. पुढचा प्रश्न होता: गाडीतून उतरल्यावर काय?

त्याचं उत्तर युद्धानं दिलं. शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनं, म्हणजे पुढं जिचं नाव मोटोरोला झालं तिनं, दुसऱ्या महायुद्धात दोन सेट बनवले. एक हातात धरायचा, 'हँडी-टॉकी', वजन सव्वादोन किलोच्या आसपास. दुसरा पाठीवर घ्यायचा, एससीआर-३००, वजन पंधरा किलोच्या वर. 'वॉकी-टॉकी' हे नाव या पाठीवरच्या सेटला चिकटलं होतं, हातातल्याला नाही. आज आपण हातातल्या डबीला जे म्हणतो ते नाव मुळात एका ओझ्याचं आहे.

या दोघांत एक महत्त्वाचा फरक होता. हातातला सेट एएमवर चालायचा आणि पाठीवरचा एफएमवर. एएममध्ये आवाजाबरोबर लहरीची उंची कमी-जास्त होते. इंजिनाची ठिणगी, वीज, मोटार यांचा गोंगाटही उंचीतच मिसळतो, म्हणून खरखर फार. एफएममध्ये उंची तीच राहते, बदलते ती वारंवारता. त्यामुळे रिसीव्हर उंचीतला बराचसा गोंगाट छाटून टाकू शकतो. आजची साधी वॉकी-टॉकी एफएमवर चालते ती यामुळेच. जनरेटर आणि डीजेच्या वायरींच्या जंजाळात उभं राहून तुम्हाला 'स्टेजवर ये' ऐकू येतं, त्याचं मूळ तिथं आहे.

आपल्याकडं काय चाललं होतं?

आपल्याकडं बिनतारीची गोष्ट पुण्याजवळ येऊन थांबते. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात बीम वायरलेसची सेवा सुरू झाली, तिची केंद्रं खडकी आणि दौंडला होती. त्याच वर्षी मुंबईचं रेडिओ केंद्रही सुरू झालं. हवेतून बोलणं आता फक्त जहाजांचं आणि सैन्याचं काम राहिलं नव्हतं.

मग सरकारला काळजी वाटू लागली. १९३३ मध्ये, म्हणजे बेयॉनचे पोलीस दुतर्फी बोलायला लागले त्याच वर्षी, इंग्रजांनी इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्ट आणला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगतो: बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलासुद्धा लायसन्स लागेल. वापरणं पुढची गोष्ट.

हा कायदा किती टोकदार होऊ शकतो, ते १९४२ ला दिसलं. 'चले जाव'च्या काळात मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला गेला, ४२.३४ मीटरवर. त्यातल्या उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्यापैकी कित्येकांपेक्षा लहान. ही मंडळी जागा बदलत राहायची. कारण ट्रान्समीटरची गंमत अशी की तो बोलला की आपला पत्ताही सांगतो. दिशा पकडणारी यंत्रं घेऊन शोधणारे मागावर असायचे. नोव्हेंबरमध्ये पोलीस पोहोचलेच. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, कायदा राहिला. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा येईपर्यंत बिनतारीचा कारभार या १९३३ च्या कायद्याच्या सावलीत चालला. पारतंत्र्यात तो सत्तेच्या भीतीतून आला, हे खरं. पण नियम नकोच असंही म्हणता येत नाही. ते का, हे समजायला आपल्याच भागात यावं लागेल.

किल्लारी

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. किल्लारी, सास्तूर... हजारो माणसं गेली. माझ्या पिढीनं तो भूकंप पाहिला नाही, पण आमच्याकडं घरोघरी ती पहाट ऐकतच पोरं मोठी झाली.

तेव्हा मोबाईल नव्हते. देशात मोबाईल सेवा सुरू झाली १९९५ ला. खेड्यात फोन म्हणजे मोजक्या ठिकाणी, आणि तो तारेचा. अशा वेळी बाहेरून आलेल्यांमध्ये हॅम ऑपरेटर होते. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, लायसन्स काढून हौसेनं रेडिओ चालवणारी माणसं. आपापले सेट, बॅटऱ्या, अँटेना घेऊन त्यांनी भूकंपग्रस्त भागातून निरोपांची ये-जा सुरू ठेवली. पुढं २००१ चा कच्छचा भूकंप झाला, २००४ ची त्सुनामी आली, तेव्हाही हेच झालं. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचा गट हॅम मोहिमेसाठी अंदमानातच होता. मोहीम बाजूला राहिली आणि त्यांचा रेडिओ बेटांचा आधार झाला.

आता विचार करा. असा निरोप चाललाय, 'इथं डॉक्टर पाठवा', आणि त्याच वारंवारतेवर कुणीतरी पाच वॅटचा सेट दाबून ओरडतंय, 'अरे, जेवणाच्या पंगतीचे शॉट घे!' साध्या एफएमवर एका चॅनेलवर एका वेळी एकाचंच ऐकू येतं. जोरात असेल तो जिंकतो. हवा सगळ्यांची आहे म्हणून ती वाटून घ्यावी लागते, विहिरीच्या पाण्याच्या पाळीसारखी. पाळी मोडणाऱ्याला वाटतं आपण थोडंच पाणी घेतलं, पण खालच्या शेतात पीक वाळतं.

मग घ्यायची कुठली?

आता सरळ उत्तर.

पहिलं, वारंवारता बघा. २०१८ च्या नियमांनुसार भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीचे सेट लायसन्सशिवाय वापरता येतात. सेटला सरकारची उपकरण मान्यता, म्हणजे ईटीए, असावी लागते. तेवढी एवढ्या टीमला पुरते.

जी स्वस्त जोडी सगळ्यांना दिसते, ती बहुतेक वेळा १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढं कुठंही लावता येणारी असते. यातल्या पट्ट्यांत पोलीस, अग्निशमन, रेल्वे यांचे संवाद चालतात. ती लायसन्सशिवाय चालत नाही. 'मग हॅमचं लायसन्स काढतो' म्हणाल, तर ते जरूर काढा, पण धंद्यासाठी ते वापरता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाईन वॉकी-टॉकी विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच गोंधळामुळं. लिस्टिंगवर वारंवारता आणि मान्यता लिहिलेली नसेल तर पुढं सरका.

दुसरं, रेंज. खोक्यावर '१० किलोमीटर' छापलेलं असतं. गणित करू. दीड मीटर उंचीवरून क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आत असतं. दोन्हीकडं माणसं उभी, मध्ये सपाट माळ, एक झाडसुद्धा नाही, तर नजरेची रेषा नऊ किलोमीटरच्या आसपास जाते. तुमच्या लग्नात मध्ये स्लॅब आहे, पत्रा आहे, पाचशे माणसं आहेत. आणि तुम्हाला हवंय किती? कार्यालयापासून वरातीच्या टोकापर्यंत. कमी ताकदीचा सेट तेवढं सहसा करतो. पैसे देण्याआधी पत्र्याच्या शेडच्या आतबाहेर उभं राहून बोलून बघा, एवढी एकच परीक्षा पुरे.

तिसरं, इअरफोन घ्याच. मंगलाष्टका चालू असताना कमरेवरचा डबा खरखरला तर भटजी नंतर बोलतील, नवरीचे मामा आधी.

चौथं, आणि हे फार कमी जण सांगतात: 'प्रायव्हसी कोड' म्हणजे कुलूप नाही. तो कोड फक्त दुसऱ्यांचा आवाज तुमच्या कानावर पडू देत नाही. तुमचा आवाज मात्र त्या चॅनेलवर कुणालाही ऐकता येतो. म्हणून 'दागिने वरच्या खोलीत आहेत, तिकडं क्लोजअप घ्या' असं कधीही बोलायचं नाही. लोकांनी विश्वासानं घरात घेतलेली माणसं आहोत आपण.

शेवटचं फुकट आहे. हॅम मंडळींच्या गटात एक जण सूत्रधार असतो. बाकीचे त्याला विचारून बोलतात. टीममध्येही स्टेजजवळच्या एकाला ते काम द्या. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. नाव आधी, काम नंतर: 'ड्रोन, वरात वेशीत आली.' समोरच्यानं 'आली, घेतो' म्हणायचं. डेट्रॉईटच्या पोलिसाला १९२८ मध्ये नेमकं हेच करता येत नव्हतं.

बजेट कमी असेल तर पाच सेट एकदम घेऊ नका. स्टेज, दार आणि ड्रोन, तीन पुरतात. त्यावर एक लग्नसराई काढा, मग ठरवा.

पुढच्या भागात भेटू. तुमच्या भागात किल्लारीच्या वेळी कुणी रेडिओवर बसलेलं असेल, तर त्यांच्याशी बोलून त्यांच्या आवाजात आठवणी रेकॉर्ड करून ठेवा. ती माणसं आता म्हातारी होत चालली आहेत. काळजी घ्या!