मामा, मालिका आणि मेंढ्या

मागच्या अमावस्येला गावी होतो. आमचं गाव बिद्री, कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचं, साखर कारखान्यामुळे माहीत असलेलं. पुढे मुदाळ तिट्ट्यावरून निपाणीच्या रस्त्याला लागलं की आदमापूर, म्हणजे बाळूमामांचं देऊळ. अमावस्येची गर्दी तर विचारू नका. सोबत सहा वर्षांचा भाचा होता. मोबाईलवर मामांच्या मालिकेचे जुने भाग बघून पोरगं तरबेज. त्याला मामांचा खरा फोटो दाखवला तर म्हणतो, "हे नाहीत. मामा टीव्हीत आहेत ते!"

हसलो. पण नंतर ते डोक्यातून जाईना.

कारण मामा काही पुराणातले नव्हेत. १८९२ साली बेळगाव जिल्ह्यातल्या अक्कोळला धनगराच्या घरी जन्मले, १९६६ साली आदमापूरला गेले. माझ्या आज्जीने त्यांना डोळ्यांनी पाहिलंय. आणि 'बाळूमामाच्या नावानं चांगभलं' ही मालिका कलर्स मराठीवर सुरू झाली २०१८ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे माणूस जाऊन बावन्न वर्षंच झाली होती, आणि आता चेहरा बदलला!

हे नवीन नाही म्हणा. मामा गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६७ ला, अनंत पैंनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. दिल्लीत टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देवांचं उत्तर आलं, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, हे पाहून पै अस्वस्थ झाले, असं ते स्वतः सांगायचे. हेतू चांगलाच. पण त्याआधी राम किती प्रकारचा होता बघा. एकनाथांचा वेगळा, कीर्तनातला वेगळा, आणि जात्यावरच्या ओव्यांत तर बायका सरळ सीतेच्या बाजूने बोलायच्या. चित्रात मात्र एकच चेहरा छापावा लागतो.

मग २५ जानेवारी १९८७ ला रामानंद सागरांचं 'रामायण' आलं आणि तो एक चेहरा सगळ्या देशाने एकाच वेळी, रविवारी सकाळी पाहिला. लोक टीव्हीला हार घालायचे. १९९१ च्या निवडणुकीत सीता आणि रावण झालेले दोघेही, दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, भाजपकडून खासदार झाले. पडद्यावरचं देवत्व मतपेटीपर्यंत गेलं ते असं.

पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे, ती मला जास्त आवडते. १९८८ मध्ये मालिका राज्याभिषेकावर संपणार असं दिसल्यावर जालंधर आणि आणखी काही शहरांतल्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींना मानणारा हा समाज. वाल्मीकींच्या आश्रमातली लव-कुशांची गोष्ट गाळायची नाही, ही त्यांची मागणी. पुढे ती गोष्ट आलीच. म्हणजे कथा कुठे संपवायची हे स्टुडिओत बसलेल्यांनीच ठरवायचं असं काही नाही.

घरी येऊन आज्जीला भाच्याचा किस्सा सांगितला. तिला मालिका आवडते, सुमीत पुसावळेचं कामही आवडतं. तरी म्हणाली, "ह्यो मामा लई ग्वाड बोलतोय बघ. आमचं मामा कानडी-मराठी मिसळून बोलायचं. आन् शिव्या? शिवी खाल्ली की मानसं म्हनायची, आशीर्वाद गावला."

आता टीव्हीवर शिवी थोडीच चालणार! प्राइम टाइमला सगळ्यांना चालेल असाच देव लागतो. म्हणून शिवी जाते, कानडी जाते, सीमेवर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसाचा खरखरीतपणा जातो. यात कुणाचं कारस्थान आहे असं नाही. माध्यमच तसं आहे.

दिलासा एवढाच की मामांच्या मेंढ्या अजून फिरतायत. त्यांचे कळप भक्त आजही गावोगाव सांभाळतात, आणि शेतकरी ते आपल्या रानात बसावेत म्हणून वाट बघतात. मेंढी काही एपिसोडमध्ये मावत नाही :-)

आज्जी मात्र ऐंशीची झाली. "असं नव्हतं रं" म्हणणारी ही शेवटची पिढी. ती गेल्यावर भाच्याला कोण अडवणार? म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर फोन ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, सांग आता, शिव्यांसकट.

असो. तुमच्याही घरात कुणी असेल तर हे या वीकेंडलाच करा.