घर, वारसा आणि हास्य : झाडीपट्टी रंगभूमीच्या संदर्भात

जे. बी. प्रीस्टली यांच्या १९२७ मधील कादंबरीवरून जेम्स व्हेल यांनी १९३२ साली अमेरिकेत 'द ओल्ड डार्क हाउस' हा चित्रपट दिग्दर्शित केला. १९६३ साली विल्यम कॅसल यांनी हॅमर या ब्रिटिश संस्थेसोबत त्याची नवी आवृत्ती केली. तीत वारशाच्या अटीने जुन्या वाड्यास जखडलेल्या विक्षिप्त कुटुंबातील माणसे एकेक करून मारली जातात. तरी प्रेक्षक हसतो.

१९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टी रंगभूमीवरही कुटुंबाची शोकांतिका व विनोद एकत्र नांदतात. धानाचा हंगाम आटोपला की वडसा येथील नाट्यमंडळे गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. नागर अभिरुचीस हे मिश्रण खटकते. वस्तुतः दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांतही नाच, गाणे व विनोद यांची फारकत नव्हती. रात्र जागविणाऱ्या कष्टकरी प्रेक्षकास नुसते अश्रू पुरत नाहीत. दुःख सोसण्यासाठी हास्याचा आधार लागतो. येथील विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या हास्यास उपकथानक समजणारा मराठी रंगभूमीचा इतिहास अपूर्णच राहील.